क्लॅरीची झोप आणि मर्व्हचा ओव्हन

राएलीन ट्रेझीसच्या मागच्या खोलीत दर हिवाळ्यात एक दाढीवाला सरडा मेल्यासारखा पडून असतो, आणि दर हिवाळ्यात गल्लीतलं कोणी ना कोणी येऊन तिला सांगतं की बाई, तो मेलाय. अशा माणसाला राएलीन चहा विचारत नाही, सरळ दार दाखवते.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल या खाणींच्या गावात तिला न ओळखणारा माणूस सापडणं कठीण. इस्पितळाच्या धुलाईघरात तिनं हयातभर चादरी उकळल्या, आणि बायकांची युनियन प्रतिनिधी म्हणून साहेबांनाही उकळलं. बाप खाणीत होता. ज्या मुकादमानं बापाला छळ छळ छळलं त्याचं नाव क्लॅरी. म्हणून, शेजारचा भाडेकरू घर सोडताना काचेच्या पेटीसकट सरडा टाकून गेला आणि राएलीननं सरडा पाळायचा सरकारी परवाना काढून तो घरी आणला, तेव्हा नावासाठी डोकं खाजवावं लागलं नाही. "माझ्या बापाला कधी म्हणता आलं नाही, 'क्लॅरी, गप बस तिथं.' मी रोज म्हणते," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते. पण त्याच क्लॅरीला ती खांद्यावर बसवून भांडी घासते, आणि त्याच्या खाण्यासाठी गल्लीभर हिंडून पिवळी रानफुलं गोळा करते.

जून लागला, तिकडचा हिवाळा आला, दिवस आखडले की क्लॅरीचं मन संसारातून उडतं. दिव्याखालचा तापलेला दगड सोडून तो हिवाळाभर झोपायला अंधाऱ्या कोपऱ्यात तोंड खुपसतो. राएलीन लगेच त्याचं खाणं बंद करते, दिवा मात्र चालूच ठेवते. पोट पार रिकामं झालं, शेवटची घाण बाहेर पडली, की मगच दिवा हळूहळू कमी करून विझवते आणि पेटी मागच्या गार खोलीत नेते. कारण उघड आहे. सरड्याला स्वतःची ऊब नसते. बाहेरची ऊब गेली की त्याच्या पोटातली गिरणी बंद पडते, आणि गिरणीत दाणे अडकले तर ते तिथंच सडतात. पोटात सडलेलं अन्न घेऊन झोपलेला सरडा बहुधा उठत नाही. मधूनमधून नाकावर पाण्याचा थेंब सोडायचा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन बघायचं, बाकी हात लावायचा नाही. झोप त्याची, आपण फक्त राखणदार.

त्या जुलैत लेकीच्या बाळंतपणासाठी राएलीनला मिल्डुराला जावं लागलं. जाताना नवऱ्याला, मर्व्हला, तिनं बजावलं, "पाणी मी पाजलंय. तू त्या खोलीकडे बघूसुद्धा नकोस."

"मी कशाला बघतोय? तो झोपलाय, मीही झोपतो," मर्व्ह म्हणाला. आणि त्यानं शब्द पाळलाही असता, पण शेजारची ग्लेनिस केकचं भांडं परत द्यायला आली. या बाईला बंद दार दिसलं की उघडल्याशिवाय चैन पडत नाही.

"मर्व्ह! अरे ए मर्व्ह! इकडे ये लवकर. दगडासारखा गार पडलाय रे हा. पाय बघ, चिंधीसारखे लोंबतायत."

आता मर्व्ह म्हणजे कोण? तरुणपणी मेंढ्यांच्या मोठमोठ्या कुरणांवर राबलेला गडी. तिकडे थंडीत पहाटे काकडून मरायला टेकलेलं कोकरू सापडलं की ते उचलायचं, पुठ्ठ्याच्या खोक्यात घालायचं, ओव्हनचं दार उघडून समोर ठेवायचं, आणि डोळे उघडले की तोंडात काहीतरी गरम घालायचं. कुरणावरच्या प्रत्येक स्वयंपाकघरात हेच चालतं, आणि हजार कोकरं याच पद्धतीनं जगली आहेत. मर्व्हच्या हातून तर एकही गेलं नव्हतं. गार पडलेला जीव समोर आला आणि त्याच्या हातांनी डोक्याला न विचारताच काम सुरू केलं. खोकं आलं, टॉवेल आला, ओव्हनचं दार उघडलं.

काही वेळानं क्लॅरीनं एक डोळा उघडला.

"उठला! ग्लेनिस, उठला बघ!" मर्व्हच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यानं फ्रिजमधला मेंढीचा खिमा काढला आणि बोटानं भरवला. क्लॅरी बापडा अर्धवट झोपेत होता. तोंडाशी आलेलं त्यानं गिळलं.

राएलीन नातवाचे फोटो घेऊन परतली, तेव्हा मर्व्ह दारातच उभा होता, छाती पुढे काढून. "राए, तुझा क्लॅरी मी मरणाच्या दारातून ओढून आणला. ओव्हनसमोर ठेवला, मस्तपैकी खिमा भरवला. आता परत शांत झोपलाय, मागच्या खोलीत."

राएलीनच्या हातातली पिशवी खाली पडली.

"काय भरवलंस?"

"खिमा. चांगला ताजा होता."

"आणि परत गारठ्यात ठेवलास? पोटात मांस घालून?" तिचा आवाज तिसऱ्या घरापर्यंत गेला. "अरे शहाण्या, तो कोकरू आहे का? त्याची आई मेंढी आहे का? मी त्याचं पोट रिकामं करायला जीव टाकला, आणि तू त्यात खाटकाचं दुकान उघडलंस!"

"मला वाटलं मेला..."

"तुला वाटलं! तुझ्या वाटण्यानं आता खरंच मरेल तो."

मर्व्ह टोपी उचलून मागच्या अंगणात गेला.

राएलीननं गावातल्या जनावरांच्या डॉक्टरला, आनेकेला, फोन लावला. आनेके सरड्यांच्या बाबतीत पक्की, आणि राएलीनच्या तोंडाला न घाबरणारी. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "आता त्याला झोपू द्यायचं नाही, राए. दिवा लाव, पूर्ण ऊब दे, कोमट पाण्यात बसव. ते मांस खालून बाहेर पडलं की मगच परत झोपव. पोट कडक लागलं किंवा काळंनिळं दिसलं तर तशीच उचलून माझ्याकडे ये."

"औषध?"

"औषध म्हणजे ऊब. आणि तुझी चिकाटी. ती तुझ्याकडे पोत्यानं आहे."

झालं. सगळं घर एका सरड्याच्या शौचाला टांगलं गेलं. राएलीन त्याला दिव्याखाली ठेवी, तो झिंगल्यासारखा सरपटत अंधारात जाई. तिनं अंधारा कोपरा विटा लावून बुजवला, तर हा विटेलाच डोकं टेकून डोळे मिटून बसला. ती धुण्याच्या टबात कोमट पाणी करून त्याला बसवी, हलक्या बोटांनी पोट चोळी आणि म्हणे, "कर रे बाबा. मुकादमा, कर. आयुष्यात एकदा तरी कामगाराचं ऐक."

कुंपणावरून ग्लेनिस विचारी, "झाली का गं?"

"तू बोलूच नकोस! दारं उघडत हिंडतेस लोकांची."

"मी फक्त गार लागला म्हणाले. ओव्हन माझ्या घरून नाही आणला."

बातमी पसरायला ब्रोकन हिलमध्ये वर्तमानपत्र लागत नाही. खाटीक विचारू लागला, धुलाईघरातल्या जुन्या मैत्रिणी फोन करू लागल्या. गावातल्या क्लबात बसणाऱ्या म्हाताऱ्यांनी तर बिअरच्या पैजा लावल्या, आणि बहुतेकांनी मरणावर लावल्या. हे राएलीनला कळलं तेव्हा ती क्लबाच्या दारात जाऊन म्हणाली, "हरलात तर ग्लास मला आणून द्यायचे. सगळे."

पण घरी क्लॅरीला आता मान उचलवत नव्हती. पोट टम्म झालं होतं. घरभर हीटर लावूनही दिव्यापासून वीतभर सरकला की तो गार पडे. साहेबासमोर जिच्या पापणीला कधी ओल आली नव्हती, ती राएलीन टबाशेजारी बसून पदर नसल्यामुळे टॉवेलात तोंड खुपसून रडली.

मर्व्हनं ते दारातून पाहिलं. त्या भांडणापासून दोघांत "मीठ दे"च्या पलीकडे बोलणं नव्हतं. तो आत आला नाही. अंगणात पत्र्यांचा खडखडाट मात्र सुरू झाला.

"काय चाललंय तुझं?" राएलीन ओरडली.

"बाहेर ये. त्याला घेऊन ये."

घराच्या उत्तरेच्या भिंतीला, जिथं तिकडच्या हिवाळ्यात दिवसभर ऊन पडतं, तिथं मर्व्हनं तीन बाजूंनी जुने पन्हाळी पत्रे उभे केले होते. वारा आत शिरत नव्हता. लाल विटांची भिंत तव्यासारखी तापली होती. मध्ये खुर्ची, आणि खुर्चीत फुटबॉल क्लबचा लोकरी स्वेटर घालून मर्व्ह.

"कुरणावर भर थंडीतही एखादा दिवस असा उजाडायचा," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "वारा पडलेला, ऊन कडक. त्या दिवशी कुंपणाच्या खांबांवर याचेच भाऊबंद येऊन बसायचे. तास दोन तास तापायचे, आपलं काम उरकायचे, परत बिळात. दिव्याचं ऊन त्याला खोटं वाटत असेल, राए. खरं दाखवून बघ. मग तू म्हणशील तिथं मी तोंड काळं करतो."

राएलीननं त्याच्याकडे एक कडू नजर टाकली. पण क्लॅरीला उचलून त्याच्या छातीवर ठेवलं.

बराच वेळ काहीच झालं नाही. पत्रे तडतडले. गुलाबी काकाकुव्यांचा थवा किंचाळत डोक्यावरून गेला. मग क्लॅरीच्या अंगाचा रंग काळवंडला, त्यानं सगळं शरीर भाकरीसारखं पसरलं आणि पाठ उन्हाकडे केली. दिव्याखाली त्यानं हे एकदाही केलं नव्हतं.

"हलू नकोस," राएलीन कुजबुजली.

"श्वासपण बंद करू?"

"कर."

ऊन वर चढलं. क्लॅरीचा काळा रंग फिका होत पिवळसर झाला. त्यानं मान उचलली. डोळे उघडले, दोन्ही. गरम झाल्यावर सरडे उघडतात तसं तोंड उघडलं. चार पाय ताठ केले, शेपटी वर उचलली, आणि मर्व्हच्या स्वेटरवर, ऐन क्लबच्या बोधचिन्हावर, पोटातलं सगळं खाटकाचं दुकान रिकामं केलं.

"झाली!" राएलीन अशी ओरडली की रस्त्यावरची गाडी थांबली. "झाली रे, झाली! ग्लेनिस! आनेकेला फोन लाव! क्लबात सांगा, ग्लास भरायला घ्या!"

कुंपणापलीकडे ग्लेनिस थाळ्या बडवत उड्या मारत होती. मर्व्ह खुर्चीत तसाच ताठ बसून होता, कारण त्याला अजून कोणी हलायची परवानगी दिली नव्हती.

"राए, वास मारतोय गं."

"मारू दे! अत्तर आहे ते!" तिनं त्याच्या टकलाचा मुका घेतला. तिच्या हातून इतक्या दिवसांत त्याला मिळालेली ती पहिली चांगली गोष्ट.

आनेके येऊन पोट चाचपून गेली. मऊ होतं. "आणखी काही दिवस ऊब दे, पाणी पाज, खायला काही नको. मग जाऊ दे त्याला," ती म्हणाली. पत्र्यांच्या त्या आडोशात मर्व्ह रोज दुपारी क्लॅरीला घेऊन बसला. शेवटी एका संध्याकाळी क्लॅरी दगडावरून उतरला आणि आपणहून कोपऱ्याकडे चालू लागला. राएलीननं विटा काढल्या. दिवा विझवला. पेटी मागच्या खोलीत मर्व्हनंच नेली, आणि दाराला बाहेरून वरखाली दोन कड्या बसवल्या.

सप्टेंबरात, तिकडच्या वसंतात, आकाशियाची झाडं पिवळीधमक फुलली तेव्हा, क्लॅरी खडखडीत जागा झाला, दाढी फुगवून काळीकुट्ट केली आणि आरशातल्या सरड्याला मान हलवून दम भरू लागला. त्याच दुपारी राएलीननं त्याला खांद्यावर घेतलं, मर्व्हला बरोबर घेतलं आणि भर रस्त्यातून क्लबापर्यंत चालत गेली. मरणावर पैज लावणारे म्हातारे ओळीनं बसले होते. त्यांनी टोप्या काढल्या. मग एकेकानं उठून आपला ग्लास तिच्यापुढे आणून ठेवला. टेबल भरलं. राएलीननं त्यातला पहिला उचलून मर्व्हच्या हातात दिला.