गुरुवारची भेट

चैत्र लागला की आमच्या बोर्डिंग शाळेच्या आवारातले कडुनिंब फुलतात आणि सकाळच्या प्रहरी एक मंद, किंचित कडवट सुगंध प्रार्थनेच्या रांगांवरून हलकेच वाहत जातो. सोलापूरचं ऊन तेव्हा अजून अंगावर आलेलं नसतं, फरशी पावलांना गार लागते, आणि हे रखरखीत शहर क्षणभर किती मृदू होतं म्हणून सांगू! पूर्वी या गंधानं माझं मन उल्हसित होत असे. आता त्याच झाडाखाली उभा राहून मी मुलांची नखं तपासतो, आणि ही नखं पाहण्यातच आपला जन्म गेला की काय, असा प्रश्न मनात डोकावतो.

मी या बोर्डिंगचा रेक्टर. वळकटी कशी बांधावी, ट्रंक कॉटखाली कुठवर सरकवावी, ताटात भाकरीचा तुकडाही टाकू नये, व्हरांड्यातून धावू नये, मोठ्यांशी बोलताना हात मागं बांधावेत, अशा असंख्य नियमांचा मी राखणदार आहे. नव्या जगाला हे सारं पुराणातलं वाटतं. आणि तरी कुठले कुठले आईबाप, करमाळ्यापासून नातेपुत्यापर्यंतचे, मोठ्या हौसेनं मुलगा इथं आणून सोडतात, आणि जाताना हळूच सांगतात की सर, जरा कडक ठेवा. धाक दुसऱ्यानं घालावा आणि माया आपण करावी, ही सोय कुणाला नको असते? नियम मोडणाऱ्या पोरांचा मला कधी शीण आला नाही. ती तर पोरंच. शीण येतो तो रोज नव्यानं कठोर चेहरा धारण करण्याचा.

आमचा सर्वांत जुना नियम भेटीचा. पालकांनी यायचं ते रविवारी, एरवी नाही. ऐकायला निष्ठुर वाटतो ना? पण त्याचा जन्म करुणेतून झाला आहे. पूर्वी जवळपासच्या गावची माणसं बाजाराला आली की केव्हाही डोकावत, लाडू-चिवडा देत, आणि ज्यांच्याकडं कुणीच येत नसे अशी पोरं पाण्याच्या टाकीमागं जाऊन रडत. रोज उठून त्यांना रडवण्यापेक्षा ते दुःख एका दिवसापुरतं राहावं, म्हणून कुणा कनवाळू पूर्वसुरींनी रविवार नेमून दिला. पुढं करुणा विस्मरणात गेली आणि रविवार तेवढा राहिला. माणसांनी घालून दिलेल्या बहुतेक शिस्तींचं असंच होत असेल का?

बिरू नावाच्या पोराकडं रविवारीही कुणी येत नसे. त्याचं घर माळशिरसाकडचं, मेंढपाळाचं. म्हणजे घर नावापुरतं, कारण माणसं वर्षातले कितीतरी महिने मेंढरांमागं परमुलखात. फोन यायचा अधूनमधून, कधी या गावच्या शिवारातून, कधी त्या. ज्वारीची काढणी झाली की मोकळ्या रानांत खतासाठी मेंढरं बसवायला शेतकरी बोलावतात, त्या बोलावण्यावर यांची वाट ठरते. यंदा ती वाट सोलापूरवरून, होटगीकडून पुढं कर्नाटकात जाणार होती. आणि ती आमच्या फाटकासमोर आली ती गुरुवारी.

प्रार्थना नुकतीच संपत होती. रस्ताभर मेंढरं पसरलेली, मागं गाड्यांचे हॉर्न कोकलताहेत, आणि फाटकापाशी पटका बांधलेला, काठीवर भार दिलेला एक काटक माणूस उभा. बिरूचा बाप. पोराला वर्ष झालं पाहिलं नाही, एवढंच त्यानं सांगितलं. मी सवयीनं नियम सांगितला. माझं तोंड आता हे माझ्याशिवायही बोलू शकतं. तो रागावला नाही, त्यानं हातही जोडले नाहीत. तो एवढंच म्हणाला, "सायेब, मेंढरं रविवारपत्तुर थांबायची न्हाईत की."

एकाला सोडलं की उद्या दहा जण दारात उभे राहतात, हे मला पाठ आहे. दिलेली सवलत म्हणजे चंचुप्रवेश, हे मी नव्या शिक्षकांना स्वतःच शिकवत आलो. पण ज्या पोरांचे डोळे कोरडे राहावेत म्हणून हा नियम झाला, त्यांतलंच एक पोर आणि त्याचा बाप यांच्यामध्ये तोच नियम आडवा घालून मी उभा होतो! मग कुणासाठी राखायचा तो? मी बिरूला रांगेतून बोलावलं, फाटकाकडं बोट दाखवलं आणि जा म्हणालो.

तो हलला नाही. त्याला बाप दिसला होता, मेंढरंही दिसली होती. हात मागं बांधून, ताठ मानेनं तो मला म्हणाला, "सर, आज गुरुवार आहे." आणि मग हलक्या आवाजात, "सुभाषकडं तर रविवारीबी कुणी येत न्हाय."

सुभाष त्याच्याच रांगेत, मागं उभा होता. मी रागावल्याचा आव आणला आणि हुकूम म्हणून त्याला पाठवलं. हुकूम मात्र त्यानं मानला. बापानं त्याला पोटाशी धरायला दोन्ही हात पुढं केले, तोच हा पाया पडायला खाली वाकला; ते हात क्षणभर तसेच अधांतरी राहिले आणि मग त्याच्या पाठीवर विसावले. पोटभर जेवतोस का, असं काहीसं बापानं विचारलं, यानं मान डोलावली. मी मुद्दाम पाठ फिरवून कार्यालयाकडं चालू लागलो, की निदान माझ्या नजरेचा तरी धाक नको.

कार्यालयाच्या पायरीशी पोहोचतो न पोहोचतो तोच पहिल्या तासाची घंटा झाली. जरा वेळानं बाहेर येऊन पाहिलं तर हॉर्न थांबले होते, बाप मेंढरांमागं निघून गेला होता, रस्ता रिकामा होत आला होता, आणि बिरू वर्गाच्या दाराबाहेर कडुनिंबाखाली एकटा उभा होता. उशिरा येणाऱ्यानं तास संपेपर्यंत बाहेर उभं राहायचं, हाही आमचाच नियम. त्याला कुणी थांबवलं नव्हतं. मी जवळ जाऊन विचारलं, तर घंटेनंतर पोहोचलो सर, एवढंच म्हणाला. डोळे कोरडे होते.

आत जा, असं मी म्हणू शकलो असतो. तेही त्यानं हुकूम म्हणून ऐकलं असतं, आणि मला आता आणखी एक हुकूम सोडवेना. शिवाय उशीर काय त्याला एकट्याला झाला होता? मी चपला नीट केल्या, हात मागं बांधले आणि त्याच्या शेजारी उभा राहिलो. तास संपायला पुष्कळ अवकाश होता. फुलोरा आम्हा दोघांवर झडत होता, ऊन चढत होतं. थोड्या वेळानं, माझ्याकडं न पाहता, बिरू जरासा बाजूला सरकला आणि त्यानं मला सावलीत जागा करून दिली.