माद्रिदचा अंधार

पृथ्वीगोल बनवायच्या कारखान्यात चेंडूवर नकाशाच्या पट्ट्या चिकटवायचं काम ज्यांचं, त्यांना सगळे गोलवाले म्हणत. त्यांच्या हातून विषुववृत्त कधी केसभरही सरकलं नाही. दुसऱ्याच्या हातून सरकलं, तर मात्र त्याची धडगत नसे. ओला गोल सगळ्यांसमोर टराटरा सोलायचे आणि म्हणायचे, "तू आपला बटाटे सोलायला जा."

जेवणाच्या सुट्टीतला खेळ ठरलेला. "बोला, जास्त उत्तरेला कोण? रोम की न्यूयॉर्क?" न्यूयॉर्कच्या बर्फाविषयी ऐकून असलेला कुणीतरी बिचारा न्यूयॉर्क म्हणायचा. "रोम! डोकं आहे की खोकं?" त्याचा घास हातातच राहायचा. यांना मात्र जेवण गोड लागायचं.

घरीही तेच. मुलीने लहानपणी हौसेने जगाचा नकाशा काढला, तर यांनी लाल पेन्सिलीने चुका दाखवून तो बाहेरच्या खोलीत टांगला, आल्यागेल्याने बघावा म्हणून. पोर पुन्हा चित्रांच्या वाटेला गेली नाही.

ती मुलगी आता माद्रिदला नोकरी करत होती. जाताना म्हणाली होती, घर घेतलं की तुम्हा दोघांना राहायला नेईन. आई त्या बोलावण्याकडे डोळे लावून बसली होती. दोघांसाठी लोकरीच्या टोप्याही विणून तयार होत्या. मुलीने घर घेतलं, आणि हिवाळ्यात तिचा फोन आला. आईने स्पीकर लावला. "आई, इथे राहणं तुम्हाला नाही गं जमायचं. दुपारी तीनलाच काळोख पडतो. गुडघाभर बर्फ."

आईने ते मुकाट्याने मानून घेतलं. गोलवाल्यांना कुठलं राहवतंय!

"माद्रिद जवळपास न्यूयॉर्कच्याच ओळीत आहे. तीनला काळोख पडायला स्टॉकहोम गाठावं लागतं, आणि गुडघाभर बर्फ पडावा एवढी थंडी माद्रिदला नसते. अगं, तुझी लेक धडधडीत खोटं बोलतेय!"

"असू दे ना हो," बायकोने हात जोडले.

यांनी तिच्या हातून फोन ओढून घेतला. "तिथे आत्ता तीनच वाजलेत. ऊन आहे की नाही, खरं सांग."



"आहे, बाबा. लख्ख ऊन आहे. तुमच्याबरोबर एका घरात राहायचं नाही, म्हणून अंधार पाडला. तोंडावर सांगवत नव्हतं. आई, तू ये. एकटी ये."

गोलवाले बायकोकडे बघून हसले. ही कुठली जाते! हिला साधं रोम सापडत नाही.

"येते," बायको फोनमध्ये म्हणाली.

निघायच्या दिवशी तिने दोन्ही टोप्या खुंटीला अडकवल्या. "तुम्हीच म्हणालात ना, तिथे एवढी थंडी नसते," एवढंच बोलली आणि बॅग उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी विचारलं, "वहिनी पोचल्या का?"

"पोचली," गोलवाले म्हणाले. "मी सांगितलंच होतं. तिथे तीनला लख्ख ऊन असतं."

सगळे आपापल्या डब्याकडे वळले. मग त्यांनीही सकाळी स्वतःच्या हाताने भरलेला डबा उघडला.