दोडक्याच्या वेलाचा बाप

माझ्या ताईचा सासरा दोडक्याची भाजी खाऊन मेला, असं सांगितलं की लोक आधी हसतात. मग माझ्याकडे पाहून गप्प होतात. आता मला त्या हसण्याचा राग येत नाही. तेव्हा यायचा. तेव्हा मला सगळ्याचाच राग यायचा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बाबा आर्वीच्या एसटी डेपोत कारकून होते, ताईला जवळच्याच रोहणा गावी दिलेलं, आणि मी नागपूरला वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करत होते. विषय रानवेलींचा. कुंपणात, नाल्याकाठी आपोआप उगवणारं कडू रानदोडकं गावातल्या वेलींशी माणसाचा हात न लागता कसं मिसळतं, ते पानातल्या डीएनएवरून शोधायचं. आई शेजारणींना सांगायची, "आमची पोरगी काट्याकुट्यात शिकून राह्यली." शेजारणी मला स्थळं सुचवायच्या.

ताईच्या सासरी महालक्ष्म्या बसतात. सोळा भाज्या एकत्र शिजवायच्या, नैवेद्य होईपर्यंत कोणी चव घ्यायची नाही, आणि परसातल्या वेलाचं पहिलं फळ देवीला द्यायचं. त्या वर्षी सासूने जपून ठेवलेल्या बियांचा दोडका परसातल्या मांडवावर चढला होता. त्याचे पहिले दोडके सोळा भाज्यांत गेले. पंगत बसली आणि पहिल्याच घासाला लोकांची तोंडं वाकडी झाली. पण देवीचा प्रसाद कडू आहे, हे बोलणार कोण? कोणी भाजी पुरणपोळीखाली सारली, कोणी पत्रावळीखाली. ताईच्या सासऱ्यांनी मात्र पत्रावळ चाटूनपुसून स्वच्छ केली.

रानदोडक्याचं कडूपण नुसती चव नसते, विष असतं. त्यांना उलट्या-जुलाब सुरू झाले. आधी आर्वीच्या दवाखान्यात नेलं, मग वर्ध्याला हलवलं. वय झालेलं, त्यात साखरेचा जुना आजार. ते परत आले नाहीत. मला ते फार आवडायचे. मी गेले की त्यांना वेलींबद्दल शंभर प्रश्न असायचे, आणि माझं उत्तर अर्धं झालं की ते डुलक्या घ्यायचे.

तेरवीच्या आतच घरात कारण सापडलं. श्रावणात ताई बाहेर बसलेली असताना वाऱ्याने वेलाचा मांडव कलला होता. घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तिनेच उठून तो सावरला आणि बांधला. सासू शेतातून परतत होती, तिने ते पाहिलं. विटाळशीचा हात लागला की वेल कडू होतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं.

"माह्याच हातचं बी," सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "मागच्या साली कसे गोड दोडके लागले होते! यंदाच काऊन कडू झाले? हात कोणाचा लागला?"

मग "खाण तशी माती" म्हणून आमच्या घराचाही उद्धार झाला. तेरवी झाल्यावर भाऊजींनी ताईला आर्वीला आणून सोडलं. भाऊजी शाळेत मास्तर होते आणि मुलांना विज्ञान शिकवायचे. हे मी मुद्दाम सांगते आहे.

ताई वाळत चालली. कोणाशी बोलायची नाही, कोणी विचारलं तर मान खाली घालायची. मी चिडले.

"तुलेबी पटते का हे? तुह्या हातानं वेल कडू झाला?"

"मामाजी गेले, एवढं खरं," ती म्हणाली. सासऱ्यांना ती मामाजी म्हणायची.

मला वाटलं, हिनेही ते मान्य केलं आहे. त्याच दिवशी ठरवलं, हिला यातून सोडवायचं. ज्यावर मी वर्षानुवर्षं डोळे फोडत होते, ते बहिणीच्या कामी येणार नसेल तर त्या शिक्षणाला काय चाटायचं?

रोहण्याला गेले. तो वेल अजून उभा होता, कारण उपटायला कोणी हात लावत नव्हतं. त्याची पानं घेतली. परसामागच्या नाल्याकाठी बाभळीवर रानदोडकं पसरलेलं होतं, त्याची घेतली. शेजारच्या घरी ताईच्या सासूने पूर्वी दिलेल्या बियांचा गोड वेल होता, त्याचीही घेतली. सासू दारात उभी राहून बघत होती. आर्वीच्या स्टँडवर गोळेवाल्याकडून बर्फ घेऊन थर्मासमध्ये भरला, त्यात पानं ठेवली आणि नागपूरची गाडी पकडली.

प्रयोगशाळेत सर म्हणाले, "घरची भांडणं अशी सुटत नसतात, अगं." पण रसायनांच्या कपाटाची किल्ली त्यांनीच पुढे सरकवली. दोडक्याचं पान वाटलं की बुळबुळीत होतं आणि डीएनए त्या बुळबुळीत अडकून बसतो. पहिल्या खेपा वाया गेल्या. एकदा सगळं जमत आलं आणि लाइट गेली. मी तिथेच स्टुलावर बसून रडले, मग डोळे पुसून पुन्हा पानं वाटायला घेतली.

शेवटी जमलं. अशा कामात डीएनएच्या पट्ट्या उमटतात, ज्याच्या त्याच्या ठरलेल्या जागी. रानदोडक्याच्या वेगळ्या, गोड दोडक्याच्या वेगळ्या. रोहण्याच्या कडू वेलात दोघांच्याही होत्या. सरांनी पुन्हा करायला लावलं, मी पुन्हा केलं, तसंच आलं. त्या वेलाची आई सासूचा गोड दोडका होता आणि बाप नाल्याकाठचा.

यातली खरी गोष्ट पुढेच होती. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. आदल्या वर्षी एखादा पतंग नाल्याकाठच्या फुलावरून उठून परसातल्या फुलावर बसला असणार. त्या वर्षीचं फळ गोडच राहिलं, कारण फळाचा गर आईचा असतो. मिसळण झाली ती आतल्या बियांत, आणि ती दिसली पुढच्या वर्षी, त्या बियांतून वेल आल्यावर. म्हणजे ताईने मांडव बांधला त्याच्या कितीतरी आधी कडू आत शिरलेलं होतं. सासूने बियांसाठी वाळवून आढ्याला टांगलेल्या दोडक्यात ते बसलं होतं.

पट्ट्यांचा फोटो घेऊन मी रोहण्याला गेले आणि भाऊजी आणि सासूपुढे बसून सगळं सांगितलं. भाऊजींना लगेच कळलं. ते फोटो हातात घेऊन खाली बघत राहिले. सासूला कळायला थोडा वेळ लागला, पण कळलं.

"म्हणजे मीच मारलं त्याइले?" ती म्हणाली. "माह्याच बियानं?"

मी एका बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला आले होते आणि ते दुसरीच्या डोक्यावर ठेवलं होतं. तिचं तोंड पाहून मला पहिल्यांदा तिची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच संतापही आला.

"मावशी, कोणीच नाई मारलं. बाहेरून कोणाले ओळखूच येत नाई ते."

ती उठून आत गेली. आतूनच मुलाला म्हणाली, "सूनबाईले घेऊन ये घरी."

आर्वीला पोचले तेव्हा ताई अंगणात तुरी निवडत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. तिने नीट ऐकलं.

"मंग माह्या हातानं काई नाई झालं?"

"काईच नाई."

तिने मान हलवली आणि पुन्हा सूप पुढे ओढलं. मी जिंकले होते. आईने देवाजवळ साखर ठेवली.

त्याच आठवड्यात भाऊजी घ्यायला आले. चहा झाला, बाबांशी पावसापाण्याचं बोलणं झालं, पण ताई बाहेर आली नाही. आईने समजावलं, बाबांनी हाक मारली, शेवटी भाऊजी स्वतः दाराशी जाऊन काहीतरी हळू बोलले. ती नाही म्हणाली. ते एकटेच बसने परत गेले. मग मात्र माझा तोल सुटला.

"आता काय राह्यलं? फोटो आहे, पुरावा आहे, सासूनं सोता बोलावलं! तुले काय पाहिजे आणखी?"

ताई भिंतीला टेकून बसली होती. तिचा आवाज चढला नाही.

"त्या दिवशी पंगतीत मीच वाढून राह्यली होती. लोकाइचे चेहरे दिसले मले. भाजी माह्याच हातची, मी घाबरली. मामाजीइनं माह्याकडं पाह्यलं अन् साऱ्याइले ऐकू जाईन असं म्हणले, भाजी झकास झाली सूनबाई, आणखी वाढ. ते काऊन म्हणून राह्यले, मले समजलं होतं. मी वाढली. त्याइनं पुन्हा मागितली, मी पुन्हा वाढली."

मी पुन्हा वेलाचं अन् बियांचं सांगायला लागले.

"वेल कोणाचाबी असू दे," ती म्हणाली. "भाजी कडू आहे, हे मले मालूम होतं."