माईंच्या राजाचा घोडा केला, त्याची गोष्ट

आधी चहा घ्या. बिस्किटंही घ्या, कारण पुढचं ऐकल्यावर तुमच्यातले दोघंतिघं तरी माझ्या घरचा चहा घ्यायचे नाहीत.

तर ऐका. मी, श्रीपाद कुलकर्णी, पटावर जितकी घरं तितकं माझं वय, वाळूजच्या कारखान्यातून रिटायर झालेला सरळमार्गी माणूस. आणि मी एका शहाऐंशी वर्षांच्या बाईचा बुद्धिबळाचा डाव चोरला. नुसता चोरला नाही, पुस्तकात स्वतःच्या नावावर छापला. आणि वर ते पुस्तक तिच्याच हातानं प्रकाशित करून घेतलं. हसताय काय? अजून सुरुवात पण झाली नाही.

त्या बाई म्हणजे माई. आमच्या रोकडे गुरुजींच्या पत्नी, सुलोचनाबाई. गुरुजी शाळेत मराठी शिकवायचे आणि शाळा सुटली की बुद्धिबळ. आपल्या शहरात चाळिशीच्या पुढचा जो कुणी बरा खेळतो, त्याला एकतर गुरुजींनी शिकवलंय, नाहीतर गुरुजींच्या शिष्यानं. मीही त्यातलाच. त्यांनी आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून छापलेलं, पिवळ्या कव्हराचं. त्याच्या प्रती निम्म्या वाळवीनं खाल्ल्या आणि निम्म्या मित्रांनी वाचायला नेल्या. म्हणजे एकूण सगळ्याच गेल्या.

गुरुजी जाऊन लई वर्षं झाली. माई गारखेड्यात मुलीकडं असतात, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं. हे अंतर लक्षात ठेवा.

एके दिवशी माईंनी मला बोलावलं आणि मांडीवरच्या पिशवीतून पुस्तकाची शेवटची उरलेली प्रत काढली.

"श्रीपाद, ह्यांचं पुस्तक पुन्हा काढायचंय. माझ्या डोळ्यादेखत. करशील?"

"माई, हे काय विचारणं झालं?"

"मग ऐक. ह्यांनी शिसपेन्सिलीनं जे लिहून ठेवलंय ते घाल. बाकीच्याला हात लावू नको."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून पटाईत आहे. ऐकण्यात नाही, असं आमच्या घरचं मत आहे.

आता माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. तेहतीस वर्षं मी कारखान्यात इन्स्पेक्शनला काढली. हातात ड्रॉइंग, समोर पार्ट. ड्रॉइंगप्रमाणं असेल तर पास, केसभर इकडंतिकडं असेल तर रिजेक्ट. अशा माणसाच्या हातात जुनं पुस्तक आणि शेजारी बुद्धिबळ खेळणारा कॉम्प्युटर दिला की काय होणार? मी पुस्तकाचं इन्स्पेक्शन सुरू केलं.

आणि चुका होत्या, खोटं नाही सांगत. एका ठिकाणी पटाचं चित्रच उलटं छापलेलं. एका ठिकाणी एकाच रंगाच्या घरांवर दोन्ही उंट. एक घोडा तर मेल्यानंतर चार चाली पुढं पुन्हा खेळत होता. प्रत्येक चूक सापडली की मी स्वयंपाकघरात जाऊन मंदाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, सांगून यायचो.

"अगं, अजून एक सापडली."

"मग माईंना दाखवा की."

"माईंना काय कळणार त्यातलं? त्यांना कशाला त्रास."

मंदानं कणीक मळता मळता माझ्याकडं एकदा बघितलं. ते बघणं मी तेव्हाच समजून घ्यायला हवं होतं.

शेवटच्या प्रकरणाला गुरुजींनी दीड पानाची प्रस्तावना जोडली होती. मथळा, 'पूर्वीचे देशी रिवाज'. मी मथळा वाचला आणि ठरवलं, आजच्या वाचकाला याचा काय उपयोग? जगात सगळीकडं एकच नियम चालतात. काढून टाकलं. दीड पान वाचायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं. ती पाच मिनिटं मी वाचवली.

त्या प्रस्तावनेखाली पुस्तकातला शेवटचा डाव होता. वर लिहिलेलं: पांढरे, एक स्नेही. काळे, लेखक. लेखकाचा पराभव. आणि शेजारी समासात गुरुजींचं बारीक, वळणदार, पेन्सिलीतलं अक्षर: 'दुसऱ्या आवृत्तीत नाव घालणे. शब्द दिला आहे.'

मी खुर्चीत ताठ झालो. गुरुजींना हरवणारा हा स्नेही कोण? ज्याला नाव छापायचा शब्द दिला तो कोण?

आता माणसाचं मन कसं चालतं बघा. दहावीच्या सुट्टीत मी दर रविवारी गुरुजींकडं खेळायला जायचो. शंभरेक डाव हरलो असेन. पण एकदा गुरुजी म्हणाले होते, "श्रीपाद, आज छान खेळलास." तुम्हीच सांगा, छान खेळलास म्हणजे काय? त्या दिवशीही मी हरलोच होतो, पण हे मला आत्ता आठवतंय. तेव्हा आठवलं नाही. शब्द दिल्याचंही काही आठवत नव्हतं, पण म्हटलं, गुरुजी मितभाषी होते, मनातल्या मनात दिला असेल.

दोन दिवसांत माझी खात्री पटली. तिसऱ्या दिवशी मला डाव आठवायला लागला. चौथ्या दिवशी मी टाइप केलं: पांढरे, श्रीपाद कुलकर्णी. आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

मग तो डाव मी कॉम्प्युटरवर चढवला. सगळी प्यादी पहिल्या चालीपासून एकेकच घर सरकत होती, दोन घरं कुणीच नाही. मी म्हटलं, लहान होतो, जपून खेळत असेन. एकविसाव्या चालीला मात्र कॉम्प्युटर अडला. तिथं छापलं होतं की पांढऱ्यांचा राजा आपल्या घरातून उठून थेट अडीच घरं लांब जाऊन बसतो. आता राजा एक घर चालतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. अडीच घरं चालतो घोडा. झालं, मला चूक सापडली. खिळे जुळवणाऱ्यानं घोड्याच्या जागी राजा लावला असणार. योगायोग असा की पांढऱ्यांचा एक घोडा त्या घरात जाऊही शकत होता. मी राजाचा घोडा केला.

पण घोडा तिथं गेला की पुढची मात काही बसेना. मग बाविसावी चाल सुधारली. त्यानं तेविसावी बिघडली, ती सुधारली. करत करत शेवटच्या सगळ्या चाली कॉम्प्युटरच्या झाल्या आणि मी वजिरानं मात देऊन ऐटीत जिंकलो. खाली टीप टाकली: 'मूळ आवृत्तीतील अशक्य चाल संपादकाने दुरुस्त केली आहे.'

छपाईचं काम शकीलभाईंकडं होतं. शकीलभाई कामाचा पक्का माणूस, जुनं पान आणि नवं पान शेजारी ठेवून बघतो. त्यांचा फोन आला.

"साब, ये राजा का घोडा कायकू कर दिये?"

"छपाईची चूक होती, शकीलभाई."

"मगर साब, पुढच्या चाल में बी राजा उदरीच बैठेला है. उसके पुढच्या में बी. तीन बार गलती करी क्या उसने?"

"पूर्वीचे लोक तसेच होते."

"माँजी हयात हैं ना, साब. एक बार पूछ लेव उनकू."

"शकीलभाई, तुम्ही छापा."

बघा, मंदा सांगत होती, शकीलभाई सांगत होते, माई दहा मिनिटांवर होत्या. आणि मी विचारत कुणाला होतो, तर कॉम्प्युटरला.

प्रकाशन रविवारी सकाळी, गारखेड्यातल्या वाचनालयाच्या सभागृहात झालं. गुरुजींचे जुने विद्यार्थी जमले होते, मंचावर भिंतीला टांगलेला मोठा लोहचुंबकी पट होता आणि मधल्या खुर्चीत माई. पांढरं लुगडं, नाकावर चष्मा आणि हातात भिंग. फीत सोडून माईंनी पुस्तक छातीशी धरलं.

मग मी भाषणाला उभा राहिलो. सांगितलं की शेवटच्या डावातला तो अज्ञात स्नेही आज तुमच्यासमोर उभा आहे. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माणूस घसरतो. मी म्हटलं, "मला तो दिवस लख्ख आठवतो. बाहेर ऊन रणरणत होतं. गुरुजी विचारात पडले होते. माई आतून चहा घेऊन आल्या." पहिल्या रांगेत मंदानं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, गहिवरली.

माझ्यामागं माईंनी पुस्तक उघडलं होतं. बाकी पाहुणे पुस्तक पहिल्या पानावर उघडतात. माईंनी थेट मागून उघडलं. पानावर भिंग फिरलं, थांबलं, पुन्हा वर गेलं आणि पुन्हा खाली आलं.

"श्रीपाद," माई म्हणाल्या. समोर माईक होता, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं. "हा डाव तू खेळलास?"

"व्हय, माई," मी म्हणालो. माझ्या तोंडून व्हय निघालं तेव्हाच समजा मी घाबरलो होतो.

"मग त्या पटावर मांड बरं. विसाव्या चालीपर्यंत."

मी मांडला. पुस्तकात बघून बघून मांडला. स्वतःचा लख्ख आठवणारा डाव.

माई उठल्या. मुलीचा हात धरून पटापाशी आल्या. पुस्तक खुर्चीतच राहिलं होतं. त्यांनी पांढरा राजा उचलला आणि अडीच घरं लांब नेऊन टक्कन बसवला.

"अशी होती चाल," त्या म्हणाल्या. "माझा बाप लासूर स्टेशनला अडतीवर हमाल. दुपारी पोत्यांच्या सावलीत गडी खेळायचे, मी पोत्यावर बसून बघायची. आमच्या तिथं प्यादं एकच घर चालायचं. आणि राजाला तोवर शह बसला नसेल तर डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची. एकदाच. ह्यांनी प्रकरणाच्या सुरुवातीला दीड पान लिहिलं होतं त्यावर. कुठंय ते?"

दीड पान कुठं होतं ते फक्त मला माहीत होतं.

माईंनी पुढच्या चाली न थांबता केल्या, काळ्यांच्याही त्याच करत होत्या. राजा बाजूला गेल्यानं कोंडलेल्या हत्तीला वाट मिळाली, हत्तीच्या जोरावर एक प्यादं पुढं सरकलं, अजून एक घर सरकलं, आणि काळ्या राजाला हलायला जागाच उरली नाही.

"प्यादेमात," माई म्हणाल्या. "लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा. ह्यांना वाटायचं, बायकोला काय कळणार त्यातलं. हरले तर तासभर पटाकडंच बघत बसले होते. पुस्तकात माझं नाव घालायला लाजले, मग म्हणाले, दुसऱ्या आवृत्तीत नक्की घालतो. शब्द दिला."

मी खाली बघितलं.

"आणि चहा मीच आणला होता, ते तुझं बरोबर," माई म्हणाल्या. "पण ठेवून आत गेले नाय. समोर बसले."

हसू फुटलं ते शकीलभाईंपासून. मग सगळं सभागृह. मंदाच्या पदराचा खरा अर्थ मला तेव्हा कळला.

"माई, लई चुकलं माझं," मी म्हणालो. "गुरुजींचा शब्द मी मोडला. मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"मी तर वाटच बघत होते," माई म्हणाल्या. "म्हटलं, नाव काय घालू विचारायला येईल श्रीपाद. रोज दुपारी दार उघडं ठेवायची." एवढं बोलून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मग मात्र मी चष्मा काढून पुसायला लागलो. "माझं नाव गेलं त्याचं एवढं नाय रे. पण तू मात वजिरानं दिलीस. वजिरानं काय, कुणीपण देतं."

पुढचे आठ दिवस मी माईंच्या ओसरीवर बसून होतो. शकीलभाईंनी नवी पानं छापून दिली, दीड पान देशी रिवाजांसकट. प्रत्येक प्रतीत ती मी हातानं चिकटवली आणि माईंनी प्रत्येक प्रत भिंगातून पास केली. तीन प्रती त्यांनी रिजेक्ट केल्या, कड वाकडी होती म्हणून. त्या पानावर आता ठसठशीत छापलंय: पांढरे, सुलोचना रोकडे. माई त्यावरून बोट फिरवून म्हणाल्या, "दिला शब्द पाळला ह्यांनी. उशिरा का होईना."

काम संपल्यावर त्यांनी पट मागवला. "बस. एक डाव खेळू. लासूरच्या रिवाजानं."

मी बसलो. आता मला उडी माहीत होती, म्हणून त्यांच्या राजावर डोळा ठेवून होतो. त्यांनी राजा हलवलाच नाही. मी राजाकडं बघत राहिलो आणि डाव्या बाजूनं एक प्यादं एकेक घर चालत येऊन माझ्या दाराशी उभं राहिलं. अठराव्या चालीला प्यादेमात.

"हा डाव पुढच्या आवृत्तीत घालायचा," माई म्हणाल्या. "लिहून घे."

"माई, हात जोडतो, तेवढं माझं नाव नका घालू."

माईंनी चष्मा वर केला. त्यांना दया आली असावी.

"बरं, नाय घालत. ह्यांची पद्धत होतीच की एक."

मी वही काढली आणि त्या सांगतील तसं लिहून घेतलं. पांढरे, सुलोचना रोकडे. काळे, एक स्नेही. या वेळी एका अक्षरालाही हात लावला नाही.