साडेएकोणतीस उंचीचा मास्तर

मास्तरचं खरं नाव त्याच्या कार्डावर होतं आणि ते तिथंच राहिलं. बाकी सगळे त्याला मास्तरच म्हणत. गावाकडे बावीस वर्षं त्याचं स्वतःचं शिलाईचं दुकान होतं. त्यानं शिवलेला सदरा अंगात घातला की वाकलेला माणूससुद्धा ताठ उभा राहतो, असं लोक म्हणत, आणि मास्तर ते नाकारत नसे. या परक्या मुलखात येताना दुकान मागे राहिलं. नाव आणि गळ्यातला टेप एवढेच बरोबर आले.

तो इथं आला तो बायकोमुळे. बायको नर्स. बाळंतिणींच्या वॉर्डात तिला मोठी नोकरी लागली आणि तिच्या पाठोपाठ मास्तर आला. सरकारनं दोघांनाही राहण्याची कार्डं दिली. बायकोच्या कार्डावर तिच्या कामाचं नाव छापलेलं होतं. मास्तरच्या कार्डावर कामाचं नाव नव्हतं. तिथं एकच ओळ होती आणि तिचा अर्थ बायकोनंच त्याला सांगितला होता: पत्नीसोबत राहण्यास परवानगी.

ती ओळ मास्तरला गळ्याशी घट्ट झालेल्या कॉलरसारखी टोचायची. पाकिटात तो कार्ड नेहमी उलटं ठेवायचा.

तसं काम त्यालाही होतं. एका तळघरातल्या दुकानात तो तयार कपडे बेताचे करून द्यायचा. म्हणजे पँट आखूड कर, बाही आखूड कर, कोटाची उंची दोन बोटं कमी कर. कोऱ्या कापडावर कात्री चालवणारा माणूस आता दिवसभर दुसऱ्याच्या शिलाया उसवत बसायचा. आणि संध्याकाळी बायकोबरोबर बाजारात गेला की दर दहा पावलांवर कुणीतरी थांबायचं. "सिस्टर! सिस्टर!" कुणाचं बाळ तिच्या हातावर जन्मलेलं, कुणाच्या सुनेचं व्हायचं असलेलं. बायको हसून त्यांच्या भाषेत भराभर बोलायची. मास्तर बाजूला पिशवी धरून उभा. आपण पिशवीची खुंटी आहोत, असं त्याला वाटायचं.

तो वाईट माणूस नव्हता. पण जळायचा. कोळशाच्या इस्त्रीसारखा, बाहेरून चकचकीत आणि आतून लाल.

त्या वर्षी गावाहून आईचा फोन आला. तिच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनची तारीख ठरली. आई म्हणाली, "पट्टी सुटली की पहिलं तुझं तोंड दिसू दे रे. मग बाकीचं जग बघते." मास्तरनं त्याच दिवशी तिकीट काढलं.

अडचण एकच होती. दोघांची कार्डं त्या महिनाअखेर संपत होती. जायला कुणी अडवणार नव्हतं, पण परत यायचं तर नवं कार्ड खिशात हवं. नाहीतर इथल्या विमानतळावरूनच माघारी.

"द्या इकडे, मी भरते दोघांचे फॉर्म," बायको म्हणाली. "मागच्या वेळी मीच भरले होते."

"मागच्या वेळी भरलेस म्हणून जन्मभर तूच भरणार? मी काय अंगठाछाप आहे?"

"तसं कुठं म्हटलं मी? भाषा त्यांची आहे म्हणून म्हटलं."

"तू नुसतं वाचून मराठीत सांग. लिहीन मी."

मग तसंच ठरलं. तिनं कोरा फॉर्म हातात धरून ओट्याशी उभ्या उभ्या वाचायचं आणि मास्तरनं टेबलाशी बसून आपला भरायचा. आडनाव झालं, जन्मतारीख झाली, पत्ता झाला. तेवढ्यात तिचा फोन वाजला. वॉर्डातलं कुणीतरी होतं. ती हसायला लागली. असं हसली, की मास्तरला आठवेना, आपल्या बोलण्यावर ती शेवटची अशी कधी हसली होती.

फोन कानाशी तसाच ठेवून ती म्हणाली, "हं, पुढचा रकाना नवीन आहे या वर्षी. उंची."

मास्तरचं सगळं लक्ष त्या हसण्यात. कान तिकडे आणि हात इकडे. पण बावीस वर्षं ज्या हाताला 'उंची' म्हटलं की एकच गोष्ट कळत आली होती, त्या हातानं धनी विचारात असतानाच आपलं काम केलं. उंची म्हणजे सदऱ्याची उंची, खांद्यापासून खालच्या घेरापर्यंत. आणि स्वतःचं माप मास्तरला झोपेतही पाठ होतं. त्यानं लिहिलं, साडेएकोणतीस.

"बघू, एकदा नजर टाकते," फोन ठेवून बायको म्हणाली.

"काही नको." मास्तरनं फॉर्म पाकिटात घातला, पाकीट जिभेनं ओलं करून चिकटवलं आणि स्वतः जाऊन टपालाच्या पेटीत टाकलं. त्या दिवशी त्याची मान ताठ होती.

दहा दिवसांनी बायकोचं कार्ड घरी आलं. मास्तरचं आलं नाही. अकरावा दिवस गेला, पंधरावा गेला. बायकोचं कार्ड आरशाच्या फळीवर पडलेलं असायचं आणि दाढी करताना मास्तरला ते दिसायचंच. ती अंघोळीला गेली असताना त्यानं ते उचलून पाहिलं. फोटो झकास आलेला. खाली नवा रकाना होता, उंची एकशे सहासष्ट सेंटीमीटर. मास्तरनं मनातल्या मनात टेप उलटा केला, तर पासष्ट इंच आणि वर थोडं. त्यानं आरशात पाहिलं. आपण हिच्यापेक्षा उंच आहोत, हे तो आजवर धरूनच चालला होता. बाहेर जाताना तो जाड टाचेचे बूट घालायचा, आणि ते का, हे त्यानं स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

आता त्याच्या डोक्यात नाही नाही ते यायला लागलं. तिचं येतं आणि माझंच कसं अडकतं? कार्डाच्या कचेरीतले सगळे हिच्या ओळखीचे. मी परत यावं असं हिला वाटतच नसेल तर?

विमानाला पाच दिवस उरले असताना कचेरीतून पत्र आलं. अर्जात चूक आहे, समक्ष या.

खिडकीपलीकडे एक गोरटेला, टक्कल पडलेला कारकून बसला होता. बायकोला बघताच तो उठून उभा राहिला. त्याच्या दोन्ही मुली तिच्याच वॉर्डात जन्मलेल्या. मास्तरकडे त्यानं फक्त मान हलवली. मग फॉर्म काढून एका ओळीवर बोट ठेवलं, काहीतरी बोलला आणि हसू दाबायला लागला. बायकोनं वाकून पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला.

"काय झालं? मला कळेल असं हसा," मास्तर म्हणाला.

"अहो, तुमची उंची साडेएकोणतीस सेंटीमीटर लिहिलीय."

"मग?"

"मग काय! आमच्याकडे जन्मलेलं मूलही पन्नासाचं असतं."

मास्तरला सगळं एकदम कळलं. कानाच्या पाळ्या तापल्या. "ती सदऱ्याची आहे," तो पुटपुटला. "आणि इंचात आहे." हे बायकोनं त्यांच्या भाषेत सांगितलं तेव्हा तर कारकुनानं डोळेच पुसले. मग तो म्हणाला, की एरवी नवा अर्ज आणि तीन आठवडे. पण सिस्टरचे यजमान आहेत म्हणून आत्ता दुरुस्त करतो, तासाभरात कार्ड छापून देतो. फक्त आकडा सांगा.

सिस्टरचे यजमान. काम झालं ते तिच्या पुण्याईनं! मास्तरला वाटलं, नको ते कार्ड. पण डोळ्यांपुढे आईची पट्टी आली आणि तो खिडकीपाशीच उभा राहिला.

बायको त्याच्या कानाशी आली. "एकशे अडुसष्ट सांगू ना?" ती हळूच म्हणाली. "कोण मोजायला येतंय."

म्हणजे हिला माहीत होतं! जाड टाचा, फळीवरचं कार्ड, सगळं. आणि आता ही आपल्या पदरातून काढून त्याला दोन बोटं उंची देऊ करत होती, भिक्षा वाढावी तशी. आजवरची सगळी जळजळ एका बाजूला आणि हे एका बाजूला.

मास्तर वाकला. त्यानं बुटांचे बंद सोडले, बूट काढून बाजूला ठेवले आणि मोज्यांवर खांबाला पाठ लावून उभा राहिला. रांगेतले लोक बघायला लागले. त्यानं गळ्यातला दोन मीटरचा टेप काढून बायकोच्या हातात दिला.

"मोज."

"अहो, इथं?"

"मी आजवर कुणाला अंदाजानं माप दिलं नाही. मोज. टाचेखाली टोक दाब. ओढू नकोस इतका, ताणलेला टेप खोटं बोलतो. डोक्यावर पट्टी आडवी धर. ती फाईल घे त्यांची."

बावीस वर्षं त्यानं गावाला मापलं होतं. त्याला कुणी मापलं नव्हतं. बायकोची बोटं त्याच्या पोटरीवरून, पाठीवरून, मानेवरून वर गेली. तिनं टाचा उचलून आकडा वाचला, परत एकदा वाचला.

"एकशे चौसष्ट," ती म्हणाली.

"वर काही?"

"नाही. बरोबर चौसष्ट."

मास्तर बूट पायात सरकवू लागला. "तर चौसष्टच लिहा म्हणावं."

तासाभरानं कार्ड हातात आलं. फोटो बरा होता. ती जुनी ओळ तशीच होती आणि तिच्याखाली एकशे चौसष्ट. मास्तरनं कार्ड पाकिटात ठेवलं, पण या वेळी सुलटं.

दोघं पायऱ्या उतरून रस्त्यावर आली. बरंच चालून गेल्यावर त्यानं विचारलं, "तुझी उंची कुणी मोजली होती?"

"कुणी नाही. लिहिली अंदाजानं."

मास्तर भर रस्त्यात थांबला. "अंदाजानं?" त्याचा हात आपोआप गळ्याशी गेला. "उभी राहा. तिथं, त्या भिंतीशी."

"वेड लागलंय का? लोक बघतायत." बायको हसायला लागली, त्या दिवशी फोनवर हसली होती तशीच. "आता नाही. आईंना बघून या आधी. परत आलात की मोजा. तोवर मी दोन सेंटीमीटरनं मोठी."

पाच दिवसांनी मास्तर विमानात बसला. सामान फारसं नव्हतं. आईसाठी शिवलेलं एक पोलकं, खिशात कार्ड आणि गळ्यात टेप. टेप घरी ठेवून जायचं त्याच्या मनात आलं होतं. पण मागे तिनं एकटीनंच आपली उंची मोजून घेतली असती, आणि ते माप तर त्याला स्वतः घ्यायचं होतं, म्हणून बरोबर नेला.