फवारणीवरून आलेला मामा

हे लिहिण्याचा माझा काही अधिकार नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि जे सांगतोय त्यात माझा मोठेपणाही नाही. तरी माफी मागून लिहितो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कोल्हापुरात फार्मसी शिकत होतो. विषबाधेच्या पेपरासाठी लायब्ररीतलं जाडजूड परदेशी पुस्तक घेऊन कागलजवळ मामाच्या गावी अभ्यासाला गेलो होतो. विषबाधा बहुतेक घरातच होते, असं त्यात होतं. कपाटातल्या गोळ्या, फरशी पुसायचं द्रव. मग माणूस फोन करतो आणि पलीकडून तज्ज्ञ सल्ला देतात. मी ते पाठ करत होतो. मामाच्या घरात कपाट नव्हतं, फोनही नव्हता.

मामा मजुरीने लोकांच्या टोमॅटोवर औषध मारायचा. त्या दुपारी पाठीवर पंप तसाच घेऊन तो झोकांड्या खात आला. तोंडातून लाळ गळत होती, घामाने अंग निथळत होतं. वर्षभरापूर्वी त्याने नृसिंहवाडीला नद्यांच्या संगमावर शपथ घेऊन दारू सोडली होती, हे गावाला ठाऊक होतं. कट्ट्यावरून कुणीतरी ओरडलं, "काय गड्या, शपथ बुडवलीस व्हय संगमात?" सगळे हसले.

"लाज न्हाय वाटत?" मामी कडाडली. "शिकणारं पोरगं हाय की घरात!"

मामाची जीभ वळत नव्हती. "दिसंना झालंय," एवढंच कळलं.

"दिसंल कसं? झोप गुमान."

तिने त्याला औषधाने भिजलेल्या कपड्यांतच आडवं केलं. त्याच्या तोंडाचा वास घ्यावा, हे कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही. मला लाज वाटली. त्याच्याशी न बोलता मी चारच्या एसटीने होस्टेलला परतलो.

दोन दिवसांनी पुस्तकाचं शेवटचं, लहानसं प्रकरण सहज उघडलं. परीक्षेला येत नाही म्हणून सरांनी ते सोडलं होतं. गरीब देशांत विषबाधा जास्त करून शेतातल्या औषधांनी होते, ती कातडीतूनही भिनतात, असं तिथे होतं. पुढे लक्षणं होती. लाळ, घाम, अंधुक नजर. मी धावत एसटीडी बूथवर गेलो आणि गावातल्या किराणा दुकानात फोन लावला.

"दवाखान्यात न्हेलंय. बरा हाय," दुकानदार म्हणाला. "तू पेपर दे की निवांत."

मी विश्वास ठेवला. खरं तर मला ठेवायचाच होता.

पेपरात विषबाधेची कारणं विचारली होती. मी गोळ्या आणि फरशीचं द्रव लिहिलं. शेतातलं औषध लिहायला हात थबकला, आणि सरांना आवडणार नाही म्हणून राहूनच गेलं.

बाहेर फाटकाशी वडील उभे होते. कोल्हापुरात ते कधी येत नसत.

"कसा गेला पेपर?"

"बरा. मामा कसा हाय?"

त्यांनी मला फाटकापासून बाजूला घेतलं.

"तू फोन केलास तवा आम्ही स्मशानातच हुतो. पोराचा पेपर हुदे, मग सांगा, म्हणली मामी." मग हळू आवाजात म्हणाले, "डाक्टर म्हणला, दारू न्हवतीच त्याच्या प्वाटात."