फूटपट्टीने बांधलेली कलमं

कट्टा गावाजवळच्या रोपवाटिकेत विमलाकाकी चाळीस वर्षं आंब्याची कलमं बांधते. कॉलेजात शिकलेल्यांना ती शेणाइतकीही किंमत देत नाही. शेण निदान झाडाच्या कामी येतं.

यंदा कृषी महाविद्यालयाची गौरजा दोन महिने तिच्या हाताखाली आली. कलमांच्या पेपरात पैकीच्या पैकी गुण! पण शेवटी प्रशिक्षणाच्या दाखल्यावर काकीची सही मिळाली नाही, तर वर्ष वाया.

पहिल्याच दिवशी पोरीने रोपावर बसवायची काडी तासली आणि फूटपट्टी काढून काप मोजत बसली. पुस्तकात चार सेंटिमीटर लिहिलं होतं ना!

"गो बाये, तुझा माप होयसर काप सुकलो," काकी म्हणाली. "आंब्याक काय सदरो शिवूचो आसा?"

वीस दिवसांत पन्नासच्या पन्नास कलमं वाळली. काकीने ती टोपलीतून आणून गौरजाच्या पुढ्यात ओतली, आणि पट्टी स्वतःच्या कमरेला खोचली. "आता बांध."

गौरजा रडली, बोट कापून घेतलं, पण हात चालू लागला. दुसऱ्या पन्नासांतल्या अडतीस कलमांना तांबूस पालवी फुटली.

शेवटच्या दिवशी तिचे प्राध्यापक आले. फोटोसाठी त्यांनी एक काडी तासली आणि ती हातात धरून व्याख्यानच सुरू केलं.

"सर, आधी बसवा ती!" गौरजा ओरडली. "काप सुकतोय!"

काकीने तिथल्या तिथे सही ठोकली आणि पट्टी सरांच्या हातात दिली.

"ह्येंका पण धाड गो माझ्याकडे, दोन म्हयने."